दोन शिवाजी आणि तमिळ पडदा

तमिळ चित्रपटांचा विषय मराठी घरांत निघाला की बहुधा दोनच मते कानी पडतात. पहिले असे, की त्या चित्रपटांत आरडाओरडा फार, हातवारे फार आणि नायक साध्या माणसासारखा चालतच नाही. दुसरे असे, की काही झाले तरी रजनीकांत हे आपले गायकवाड. तेव्हा त्या पडद्यावर अखेर मराठी माणसानेच राज्य केले. गंमत अशी, की ही दोन्ही मते पुष्कळदा एकाच बैठकीत आणि एकाच मुखातून निघतात. पहिल्या मतात तुच्छता आहे, दुसऱ्यात फुकटचा अभिमान आहे. आणि चित्रपट नीट पाहण्याचे कष्ट दोहोंतही नाहीत. आपण महाराष्ट्राबाहेर नांदणारी माणसे. दुसऱ्याच्या भाषेतील कलेकडे कसे पाहावे, हे आपल्याला इतरांपेक्षा थोडे अधिक कळावयास हवे. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आम्ही कोठून बोलत आहो ते सांगणे बरे. आमचे बोरगाव सौंसर तालुक्यात, नागपूर-छिंदवाडा रस्त्यालगत आहे. या भागात संत्र्याच्या बागा आहेत, कपाशी आहे, अलीकडच्या काळातील औद्योगिक वसाहत आहे आणि घराघरांत वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर एका राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा दुसऱ्या राज्यात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा होऊन सौंसर त्यात आले. राज्य मात्र तेच राहिले. आमच्या पूर्वजांनी स्थलांतर केले नाही. घर होते तेथेच राहिले, सरहद्द तेवढी अंगणाशी आली. मुले शाळेत हिंदी बोलतात आणि स्वयंपाकघरात मराठी. दोन भाषांत जगणे म्हणजे काय, हे अशा घरांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

चेन्नईशी आमचा संबंध म्हणावा तर पांढुर्ण्याच्या स्थानकावरून जाणाऱ्या दिल्ली-चेन्नई लोहमार्गापुरता. पण दूरचित्रवाणीने ते अंतर तोडले. हिंदी आवाज चढविलेले दक्षिणी चित्रपट आज आमच्या गावातील मुलांना तोंडपाठ आहेत. आम्हीही प्रारंभी तेच पाहत असू. नंतर वसाहतीत नोकरीनिमित्त आलेले एक तमिळ कुटुंब शेजारी राहावयास आले. त्या घरच्या वहिनींनी मूळ तमिळ चित्रपट आमच्या मंडळींबरोबर बसून पाहिले आणि जेथे अडले तेथे अर्थ सांगितला. पुढील मते आमची आहेत. भाषेची जाण मात्र बव्हंशी त्यांच्याकडून घेतलेली आहे.

एकदा त्या वहिनी हसून म्हणाल्या, “भाऊजी, शिवाजी गणेशन पाहायचे असतील तर डोळे मिटून बसा, आणि रजनीकांत ऐकायचे असतील तर कानांत बोळे घालून पाहा.” आम्ही ही परीक्षा खरोखरच करून पाहिली, आणि तमिळ अभिनयाची दोन टोके आम्हांस तीतून बरीच उमगली.

पहिले शिवाजी

तमिळ रसिक ‘शिवाजी’ एवढेच म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात शिवाजी गणेशन असतात. त्यांचा जन्म १ ऑक्टोबर १९२८ चा. कुळाचे गाव तंजावरजवळचे सूरकोट्टै. ज्या तंजावरावर व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती, त्याच मुलखातला हा मुलगा. पण ‘शिवाजी’ हे नाव त्यांना जन्माने मिळालेले नाही. सी. एन. अण्णादुरै यांनी १९४०च्या दशकाच्या मध्यास छत्रपतींच्या राज्याभिषेकावर ‘शिवाजी कंड इंदु राज्यम’ हे नाटक लिहिले. त्यात गणेशन यांनी महाराजांची भूमिका केली, आणि ती पाहून ई. व्ही. रामसामी अर्थात पेरियार यांनी त्यांना ‘शिवाजी’ ही पदवी दिली. ती जन्माची चिकटली. आपल्या राजाचे नाव एका तमिळ नटाने पन्नासांहून अधिक वर्षे मिरविले आणि ते कधी खाली पडू दिले नाही, ही गोष्ट मराठी घरांत फारशी सांगितली जात नाही. सांगावयास हवी.

गणेशन घडले ते बालनटांच्या फिरत्या नाटक मंडळीत. तेथे त्यांनी सीतेसारख्या स्त्रीभूमिकाही केल्या. आपल्याकडील जुन्या संगीत मंडळींची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना ही शाळा परकी वाटणार नाही. ध्वनिवर्धक नसलेल्या मंडपात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत शब्द पोहोचविणे हा त्या शाळेचा पहिला धडा. नानासाहेब फाटक यांच्या वाणीचे कौतुक करणाऱ्या मराठी रसिकाने गणेशन यांच्या वाणीला ‘आरडाओरडा’ म्हणावे, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

१९५२ सालच्या दिवाळीत ‘पराशक्ती’ झळकला. दिग्दर्शन कृष्णन-पंजू या जोडीचे, संवाद एम. करुणानिधी यांचे. रंगूनहून परतलेला, लुबाडला गेलेला तरुण अखेरीस न्यायासनापुढे उभा राहतो आणि आपल्या विधवा बहिणीची कहाणी सांगता सांगता साऱ्या समाजालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. हा प्रसंग आम्ही डोळे मिटून ऐकला. शब्द कळत नव्हते, परंतु कोठे उपरोध आहे, कोठे गळा दाटला आहे, कोठे वाक्य मुद्दाम अर्ध्यावर सोडले आहे, ते सर्व कळत होते. भाषेचा अर्थ न समजणाऱ्यास तिचा आवेग समजावा, ही वाणीची कसोटी आहे. गणेशन तीत पूर्ण उतरतात. १९५९ च्या ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’मध्ये तर इंग्रज अधिकाऱ्यापुढे कराच्या मागणीला दिलेले उत्तर हे तमिळ घरांतील मुलांच्या पाठांतराचाच भाग झाले. त्या भूमिकेसाठी १९६० साली कैरोच्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात ते सर्वोत्कृष्ट नट ठरले.

तरीही सारेच आम्हांस रुचते असे नाही. १९६४ च्या ‘नवरात्री’त त्यांनी नऊ भूमिका केल्या; त्या पाहताना कौशल्याने थक्क व्हावयास होते, पण नऊंपैकी एकाही माणसाचे दुःख आपल्याबरोबर घरी येत नाही. याउलट १९६८ चा ‘तिल्लाना मोहनाम्बाळ’ पाहावा. दिग्दर्शक तेच, ए. पी. नागराजन. येथे गणेशन नागस्वरवादक आहेत. प्रत्यक्ष वादन सेतुरामन-पोन्नुसामी या बंधूंचे. पण गालांचा फुगवटा, श्वास घेण्याची जागा आणि नर्तकी पद्मिनी वरचढ ठरते की काय या शंकेने कपाळावर उमटणारी शीर, हे सर्व नटाचे. आपल्याकडच्या सनईवाल्याला जवळून पाहिलेल्या माणसाला तेथे खोटे सापडणार नाही.

दुसरे शिवाजी

दुसरे शिवाजी म्हणजे शिवाजीराव गायकवाड. जन्म १२ डिसेंबर १९५०, बंगळूर. वडील रामोजीराव पोलीस खात्यात शिपाई, आईचे नाव जिजाबाई. घरात मराठी, रस्त्यात कन्नड. आईविना वाढलेला हा मुलगा बंगळूरच्या बसवर वाहक झाला, १९७३ साली मद्रासच्या चित्रपट शिक्षणसंस्थेत गेला, आणि दिग्दर्शक के. बालचंदर यांच्या नजरेत भरला. बालचंदर यांनी त्यास दोन गोष्टी सांगितल्या म्हणतात: तमिळ शीक, आणि नाव बदल. तमिळ पडद्यावर एक शिवाजी आधीच होते. दुसऱ्याला जागा नव्हती. म्हणून आपल्याच ‘मेजर चंद्रकांत’ या १९६६ च्या चित्रपटातील एका पात्राचे ‘रजनीकांत’ हे नाव त्यांनी या तरुणाला दिले.

ज्या तमिळ रंगभूमीने आपल्या मुलाला मराठी राजाचे नाव दिले, त्याच तमिळ चित्रसृष्टीने मराठी मुलाच्या अंगावरून ते उतरवून ठेवले. आमच्या मते यात अन्याय काही नाही. परक्या घरी राहावयास जाताना थोडे सामान दाराबाहेर ठेवावेच लागते.

१९७५ च्या ऑगस्टमध्ये ‘अपूर्व रागंगळ’ प्रदर्शित झाला. वाढलेल्या दाढीचा, जुनाट कोट घातलेला एक माणूस फाटक ढकलून आत येतो, ही रजनीकांत यांची पडद्यावरील पहिली चाल. भूमिका लहान, पण ते फाटक ढकलणे प्रेक्षक विसरले नाहीत. यापुढे ‘मून्रु मुडिच्चु’ आणि ‘अवर्गळ’ यांतून त्यांनी दुष्ट माणसे रंगविली. सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलणे, चष्मा बोटांवर फिरविणे, वळताना अंगाला एक झटका देणे, या गोष्टी पाहून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. आम्ही मात्र वहिनींच्या सांगण्याप्रमाणे आवाज बंद करून पाहिले. तेव्हा ध्यानात आले, की हा नट शरीराने बोलतो. त्याचे हालणे तालात आहे. समेवर यावे तसे ते संवादाच्या शेवटावर येते.

बोलण्याच्या वेगाविषयीही हेच. संथ, घोळवून बोललेल्या तमिळची सवय असलेल्या कानांना त्यांचे भरभर, तुकड्यातुकड्यांनी येणारे बोलणे प्रारंभी वेडेवाकडे वाटले असल्यास नवल नाही. गणेशन यांचे तमिळ आजोळच्या वाड्यासारखे ऐसपैस आहे. रजनीकांत यांचे तमिळ नव्या भाडेकरूसारखे, मोजक्या सामानाचे. पण त्या मोजक्या सामानातच त्यांनी असा संसार थाटला, की पुढे तमिळ मुले त्यांच्यासारखे बोलू लागली. उशिरा शिकलेल्या भाषेतील उणीव हीच शैली होऊ शकते, हे आम्हांस येथे प्रथम दिसले.

दिग्दर्शकाचे काम

येथवर वहिनींची परीक्षा खरी ठरली. मात्र ती अर्धीच खरी आहे, हेही पुढे कळून आले. जे दिग्दर्शक आम्हांस थोर वाटतात, त्यांनी नेमके उलटे केले. नट ज्या गोष्टीवर भिस्त ठेवून उभा असतो, तीच त्यांनी त्याच्याकडून काढून घेतली.

महेंद्रन यांचे उदाहरण पाहा. १९७४ च्या ‘तंगप्पदक्कम’चे लेखन त्यांचे. त्यात गणेशन कर्तव्यकठोर पोलीस अधिकारी आहेत आणि संवादांची आतषबाजी आहे. हेच महेंद्रन १९७८ साली स्वतः दिग्दर्शक झाले आणि त्यांनी ‘मुळ्ळुम मलरुम’ काढला. या नावाचा ‘काटा आणि फूल’ असा अर्थ होतो आणि ‘काटाही उमलेल’ असाही होतो. डोंगरातील वीजकेंद्रावर यारी चालविणारा काळी आणि त्याची धाकटी बहीण वळ्ळी, या दोघांची ही कथा. बहिणीवर जीव, पण स्वभाव आडदांड, वरिष्ठ अभियंत्याशी हाडवैर. एका रात्री दारूच्या धुंदीत रस्त्यावर पडलेल्या काळीच्या हातावरून मालमोटार जाते आणि त्याला एक हात गमवावा लागतो.

ज्या नटाचे सारे बळ हातांच्या फेकीत, त्याचा हातच दिग्दर्शकाने काढून घेतला! त्यानंतरचे रजनीकांत पाहण्यासारखे आहेत. बाही लोंबत असते, बोलणे तुटक होते, आणि सारा अभिमान डोळ्यांत गोळा होतो. शेवटी बहीण स्वतःचे लग्न सोडून भावाकडे परतते, तेव्हा तिने आपल्याला सगळ्यांहून वर ठेविले एवढ्यानेच तो भरून पावतो आणि नावडत्या अभियंत्याच्या हाती तिला स्वतः देतो. तो माणूस आपल्याला अजूनही आवडत नाही, हे सांगावयास मात्र विसरत नाही. छायालेखन बालू महेंद्र यांचे, संगीत इळैयराजा यांचे, बहिणीच्या भूमिकेत शोभा. भाऊबीज पाळणाऱ्या घराने हा चित्रपट अवश्य पाहावा.

भारतीराजा यांनी हेच गणेशन यांच्या बाबतीत केले. १९७७ च्या ‘पदिनारु वयदिनिले’ या आपल्या पहिल्याच चित्रपटाने त्यांनी कॅमेरा स्टुडिओतून उचलून खऱ्या खेड्यात नेला. त्यात कमल हासन लंगडत चालणारे चप्पाणी आहेत, श्रीदेवी मयिल आहे आणि रजनीकांत गावगुंड परट्टै. पुढे १९८५ साली ‘मुदल मरियादै’मध्ये त्यांनी छप्पन्न वर्षांच्या गणेशन यांना खेड्यातला पाटील केले आणि त्यांच्याकडून तो प्रसिद्ध आवाज काढून घेतला. घरी कजाग बायको. जुन्या उपकारापोटी केलेले हे लग्न त्याने मुकाट्याने निभावलेले. अशा वयात नदीपलीकडून आलेली एक तरुण नावाडीण त्याला माणसासारखे वागविते. ते नाते त्या दोघांनाही धड उच्चारता येत नाही. गणेशन येथे हळू बोलतात, पुष्कळदा बोलतच नाहीत. खांद्यावरचा पंचा सावरतात आणि नजर दुसरीकडे वळवितात. ‘पराशक्ती’तला ज्वालामुखी आणि हा निखारा एकाच माणसाचा, हे पटण्यास वेळ लागतो. १९९२ च्या ‘तेवर मगन’मध्येही शहरातून परतलेल्या मुलाला ‘आपल्या माणसांसाठी येथे राहा’ असे सांगणारा म्हातारा बाप त्यांनी असाच मंद ज्योतीवर ठेविला आहे.

मणिरत्नम यांचा १९९१ चा ‘दळपती’ मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल, कारण ही कर्णाची गोष्ट आहे. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ आणि रणजित देसाईंचे ‘राधेय’ ज्यांच्या घरातील फडताळात आहे, त्यांना कुमारी मातेने सोडलेला सूर्या आणि त्याचा मित्र देवा ओळखावयास क्षणही लागणार नाही. येथे मणिरत्नम यांनी रजनीकांत यांची सारी चलाखी बाजूस ठेविली. आई कोण हे कळल्यावर हा कर्ण भाषण करीत नाही. नुसता पाहत राहतो. आमच्या मते त्यांच्या उत्तम कामांत ‘मुळ्ळुम मलरुम’खालोखाल याचा क्रम लागतो.

आमची तक्रार

स्तुती केली तशी तक्रारही नोंदविली पाहिजे. १९९० नंतर रजनीकांत यांच्याभोवती चाहत्यांची एवढी गर्दी झाली, की दिग्दर्शक तीत दिसेनासा झाला. ‘अण्णामलै’, ‘बाशा’ हे चित्रपट रंगतात. ‘बाशा’तला गरीब रिक्षावाला आपले पूर्वायुष्य लपवितो तेथवर तर फारच रंगतो. परंतु अशा चित्रपटांत नायकाकडून काही काढून घेण्याची हिंमत कोणी करीत नाही; सगळे त्यास देतच राहतात. आणि नटाला सारे काही दिले की त्याच्याकडून मिळणारे थांबते.

याहून मोठी तक्रार स्त्रियांविषयी आहे. १९९२ च्या ‘मन्नन’मधली कारखानदार स्त्री काय, किंवा १९९९ च्या ‘पडैयप्पा’तली नीलांबरी काय, बुद्धीची आणि जिद्दीची स्त्री दाखवावयाची ती नायकाने तिला नमविण्यासाठी. रम्या कृष्णन यांनी नीलांबरी इतक्या ताकदीने केली, की आमच्या घरातील मुलींनी तिचीच बाजू घेतली. त्यास आम्ही हरकत घेतली नाही. ज्या बालचंदर यांनी रजनीकांत यांना आणले, त्यांनीच १९७४ साली ‘अवळ ओरु तोडर कदै’मध्ये साऱ्या कुटुंबाचा भार वाहणारी नोकरदार मुलगी दाखविली होती. तिला कोणी नमवीत नाही. परिस्थिती तिला झिजविते, आणि तरीही ती उठून कामावर जाते. मद्रासच्या महालेखापालांच्या कचेरीत नोकरी करीत नाटके लिहिणारा हा माणूस मध्यमवर्गीय घराचे अंतरंग जाणत होता. त्याच्या शिष्याच्या पुढील चित्रपटांत ती जाण उतरली नाही, याची खंत वाटते.

‘पडैयप्पा’चे एक मात्र मोल आहे. त्यात शिवाजी गणेशन रजनीकांत यांचे वडील झाले आहेत. २१ जुलै २००१ रोजी गणेशन गेले. त्यापूर्वीच्या अगदी थोड्या भूमिकांपैकी ही एक. दोन शिवाजी एका चौकटीत, आणि थोरल्यापुढे धाकट्याचे हात आपोआप स्थिर झालेले. पुढे २००७ साली शंकर यांनी रजनीकांत यांना घेऊन ‘शिवाजी’ याच नावाचा चित्रपट काढला. बालचंदर यांनी उतरवून ठेविलेले नाव असे बत्तीस वर्षांनी भूमिकेच्या रूपाने परत आले.

कोणाचा माणूस?

आता त्या फुकटच्या अभिमानाकडे वळू. आमच्या घरातील एक पुतण्या दूरचित्रवाणीपुढे बसून म्हणाला, “काका, काही म्हणा, आहे तर आपलाच!” आम्ही त्यास विचारले, “आपला कशाने?” त्याने आडनाव सांगितले. आडनाव खरे आहे, मातृभाषाही खरी आहे. परंतु आडनावाने बसची नोकरी मिळाली नव्हती आणि फाटक ढकलून आत येण्याची कलाही मिळाली नव्हती. ती त्यांनी कन्नड गावात आणि तमिळ शहरात कमावली.

आणि हा अभिमान धरणाऱ्यांनी त्याची दुसरी बाजूही पाहावी. रजनीकांत राजकारणात उतरणार अशी चर्चा तामिळनाडूत वाढली, तेव्हा ‘हा तमिळ नव्हे, बाहेरचा’ असे म्हणणारे पुढे आले. २०१७ च्या मे महिन्यात त्यांनी चाहत्यांपुढे त्यास उत्तर दिले. त्याचा आशय असा, की आपण तेवीस वर्षे कर्नाटकात काढली आणि चव्वेचाळीस तामिळनाडूत. मराठी म्हणून आलो असू किंवा कन्नड म्हणून, येथल्या लोकांनीच आपल्याला तमिळ केले. पुढे २०२० च्या अखेरीस त्यांनी राजकारणाचा विचार सोडला, ते निराळे. पण ‘तुम्ही इकडचे की तिकडचे’ हा प्रश्न चाळीस वर्षे त्यांच्या पाठीशी लागून राहिला. हा प्रश्न इंदूरच्या, हैदराबादच्या, तंजावरच्या आणि आमच्या सौंसरच्या मराठी घरांना नवा आहे काय?

याच प्रश्नावर २०१८ साली पा. रंजित यांनी ‘काला’ काढला, आणि तो मराठी माणसाने अस्वस्थ होऊन पाहावा असा आहे. स्थळ मुंबईची धारावी. रजनीकांत तेथल्या तमिळ वस्तीचे म्होरके. त्यांना तेथून हुसकावू पाहणारे मराठी पुढारी म्हणजे नाना पाटेकर. म्हणजे जन्माने मराठी असलेला नट परमुलखातला तमिळ झाला आहे, आणि मराठी नट त्यास बाहेरचा ठरवीत आहे. पाटेकर आवाज चढवीत नाहीत. पांढऱ्या वेषात, मंद हसत, घरच्या वडीलधाऱ्यासारखे बोलतात, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. परंतु रंजित यांनी सारे मराठी एका पारड्यात टाकलेले नाहीत. अंजली पाटील यांनी रंगविलेली धारावीतील मराठी मुलगी त्या वस्तीच्या लढ्यात सर्वांच्या पुढे आहे. जमिनीचा प्रश्न भाषेचा म्हणून रंगविला की कोणाचे फावते, हे त्या चित्रपटाचे म्हणणे आम्हांस पटते. आपण ज्या राज्यांत अल्पसंख्य आहो तेथे जो न्याय मागतो, तोच मुंबईत राहणाऱ्या तमिळाला द्यावयाचा की नाही, याचे उत्तर प्रत्येक घराने आपापले शोधावे.

तसे पाहता दोन्ही भाषांची ही देवघेव नवी नाही. १९३४ साली ‘प्रभात’ने बाबुराव पेंढारकर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सीता कल्याणम्’ हा तमिळ बोलपट काढला. कंपनी आपली, भाषा त्यांची. २००० सालच्या ‘भारती’ या चित्रपटात महाकवी सुब्रह्मण्य भारतींची भूमिका साताऱ्याकडच्या सयाजी शिंदे यांनी केली. आपल्या राष्ट्रकवीसाठी तमिळांनी मराठी चेहरा चालवून घेतला. शिवाजी गणेशन, के. बालचंदर आणि रजनीकांत या तिघांनाही चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च सन्मान मिळाला, तो त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळके यांच्या नावाचा आहे. ज्याला नावे मोजावयाची आहेत त्याला अशी पुष्कळ सापडतील. आम्हांस त्यांतून एवढेच दिसते, की देणाऱ्याने हिशेब ठेविला नाही आणि घेणाऱ्याने लाज बाळगली नाही, म्हणूनच ही देवघेव चालली.

आपल्या मुलांनी दोन भाषांपैकी कोणती धरावी आणि कोणती सोडावी, ही चिंता महाराष्ट्राबाहेरील प्रत्येक घराला आहे. आमचे मत असे, की एक धरली म्हणजे दुसरी सुटते हा हिशेबच चुकीचा आहे. गायकवाडांच्या घरातील मराठी त्या मुलाने सोडली म्हणून तमिळ त्यास आले नाही. त्याने तमिळासाठी कष्ट केले म्हणून ते आले. गणेशन यांनी मराठी राजाचे नाव धारण केले म्हणून त्यांचे तमिळ उणे झाले नाही. घरची भाषा घराने सांभाळावी, बाहेरची मेहनतीने मिळवावी. आणि तिसऱ्याची भाषा कानी पडली तर तिला हसण्यापूर्वी घटकाभर ऐकून घ्यावे.

ज्यांना आरंभ करावयाचा असेल त्यांनी ‘मुळ्ळुम मलरुम’पासून करावा, मग ‘मुदल मरियादै’, मग ‘दळपती’, आणि कान तयार झाले की ‘पराशक्ती’. हिंदी आवाज चढविलेले घेऊ नयेत. त्या व्यवहारात गणेशन यांची वाणी जाते आणि रजनीकांत यांचा ताल जातो. उरते ती मारामारी. मूळ तमिळात पाहावे, खालच्या ओळी वाचाव्यात, आणि शेजारी कोणी तमिळ कुटुंब असेल तर त्यांना आग्रहाने बोलवावे. चार वेळा एकत्र चित्रपट पाहिल्यावर आमच्या घरातील मुले त्यांच्याकडून तमिळ अंक शिकली, आणि त्यांची धाकटी मुलगी आमच्याकडे येऊन शुद्ध वऱ्हाडीत भाकरी मागू लागली. चित्रपटाच्या तिकिटात एवढे मिळत असेल, तर सौदा महाग नाही.